लहान इंजिनाच्या गव्हर्नराचे दोष व त्यांची परीक्षा

विहिरीवर मोट चालविण्याचा प्रघात शिरूर व दौंड तालुक्यांतून नाहीसा झाल्यास आता दोन पिढ्या होऊन गेल्या. मोटेची जागा प्रथम तेलावर चालणाऱ्या इंजिनाने घेतली व पुढे विजेच्या मोटारीने. सातारा रोड येथील कूपर कारखान्यात गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात डिझेल इंजिने होऊ लागली. पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली निघाला. आणि १९७२ च्या दुष्काळाने विहिरीच्या पाण्याची खरी किंमत सर्वांस कळल्यावर इंजिन ही केवळ बड्या बागाईतदाराची वस्तू राहिली नाही. विजेची मोटार आली म्हणजे इंजिन मोडीत निघेल असा पुष्कळांचा अंदाज होता. तो खरा ठरला नाही. शेतीची वीज पाळीपाळीने मिळते व कित्येकदा ती पाळी रात्रीची असते. शिरूरच्या उत्तर भागात घोड व कुकडी नद्यांच्या काठच्या उसात बिबट्याचा वावर वाढल्यापासून रात्री दारे धरावयास जाणे म्हणजे जिवाशी खेळ झाला आहे. कोठे रोहित्र जळते व ते बदलून मिळेपर्यंत कांद्याचे रोप माना टाकते. अशा वेळी शेडमध्ये पोते पांघरून बसलेले जुने इंजिनच उपयोगी पडते.

परंतु वर्षातून दहापंधरा वेळाच चालणारे इंजिन ऐन निकडीच्या दिवशी त्रास देते, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. त्यातला पुष्कळसा त्रास गव्हर्नर व त्याची दांडी ह्यांच्यामुळे होतो, आणि तोच भाग आपण सर्वांत कमी ओळखतो. डिझेल, नोझल, पिस्टनच्या रिंगा ह्यांविषयी आपण चार गोष्टी जाणतो. गव्हर्नर मात्र मिस्त्रीवर सोपवितो, आणि मिस्त्री यावयास दोन दिवस लागणार असतील तर दांडीस तार बांधून काम उरकतो. ही तार बांधण्याची चाल किती घातक आहे व तिची गरज पडू नये म्हणून दोष कसा ओळखावा, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

गव्हर्नराचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. पवनचक्कीच्या जात्यासाठी वापरात असलेली युक्ती जेम्स वॉट ह्याने १७८८ साली वाफेच्या इंजिनास लाविली, तीच आज आपल्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनात आहे. इंजिनाबरोबर फिरणारी दोन वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात व एका लिव्हरला रेटा देतात. तो रेटा दांडीवाटे डिझेल पंपाच्या रॅकपर्यंत पोचतो व डिझेल कमी करतो. ह्या रेट्याविरुद्ध एक स्प्रिंग सतत ओढीत असते. ती डिझेल वाढवावयास पाहते. वजने व स्प्रिंग ह्यांची ओढाताण जेथे समतोल होईल तेथे इंजिनाचा वेग ठरतो. स्प्रिंग घट्ट केली की ठरलेला वेग वाढतो, सैल केली की उतरतो. कासरा धरणारा चांगला गाडीवान जसा बैलांची चाल पाहून हात आवरता किंवा सैल करतो, तसे हे काम अहोरात्र, न कंटाळता चालते. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप नसते. सारा कारभार रॅकवर असतो. रॅक सरकला म्हणजे पंपातील दट्ट्या फिरतो, त्याच्या अंगावरील तिरकस खाचेमुळे प्रत्येक ठोक्यास नोझलकडे जाणारे डिझेल कमीजास्त होते. म्हणून रॅक बोटाच्या टोकाने सरकेल इतका हलका असला पाहिजे, ही ह्या सर्व यंत्रणेची पहिली अट होय.

आता तारेविषयी. भरली मोट वर येत असता नाडा तुटला म्हणजे बैल धावेवर तोंडघशी पडत, हे वडील माणसांनी पाहिलेले आहे. जोर लावणारा तोच, पण ओझे एकदम नाहीसे झाले की जोराचे काय करावे हे त्यास कळत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. फूट व्हॉल्व्ह गळून पंपातील पाणी उतरले, किंवा पट्टा निसटला, की इंजिनावरील भार त्या क्षणी जातो. गव्हर्नर मोकळा असेल तर रॅक तत्काळ बंदच्या बाजूस सरकतो व इंजिन फक्त थोडे उचल खाऊन स्थिर होते. दांडीस तार असेल तर भरल्या मोटेचे डिझेल रिकाम्या इंजिनास मिळत राहते. मग वेग किती वाढेल ह्यास काही मर्यादा उरत नाही. फ्लायव्हीलच्या कडेवर पडणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५०० फेऱ्यांचे इंजिन २१०० फेऱ्यांवर गेले तर वेग दीडपटीहून कमीच वाढला असे वाटते, पण ताण जवळजवळ दुप्पट होतो, आणि ३००० वर गेला तर चौपट. ओतीव लोखंडास हा ताण सोसत नाही. चाक फुटले तर त्याचे तुकडे शेडच्या पत्र्यास वा माणसास ओळखत नाहीत.

दोष शोधताना बहुतेक लोक प्रथम स्प्रिंगला हात घालतात, कारण ती बाहेर दिसते व तिचा बोल्ट पान्याने सहज फिरतो. माझ्या मते स्प्रिंगला हात सर्वांत शेवटी लावावा. एकदा ती फिरविली की मूळची खूण जाते आणि खरा दोष तिच्याखाली झाकला जातो. त्याऐवजी एक साधी परीक्षा करावी. इंजिन भाराखाली बसू लागले, आवाज जड झाला, म्हणजे गव्हर्नराची दांडी कोठे आहे तिकडे पाहावे. दांडी जास्त डिझेलच्या बाजूस शेवटपर्यंत गेली असेल व तरीही इंजिन उचलत नसेल, तर गव्हर्नराने आपले काम चोख बजावले आहे. दोष दुसरीकडे आहे. फिल्टर तुंबला असेल, नोझल बिघडले असेल, दाब उतरला असेल, किंवा आपणच इंजिनाच्या कुवतीबाहेर भार घातला असेल. परंतु इंजिन बसत असूनही दांडी अर्ध्यावरच थांबली असेल, तर मात्र दोष गव्हर्नर, दांडी वा रॅक ह्यांत आहे. एवढे पाहावयास अर्धे मिनिट लागते आणि नोझल खोलण्याचा अर्धा दिवस वाचतो.

जेथे पंपाच्या वाहत्या नळीवर गेट व्हॉल्व्ह आहे तेथे ही परीक्षा अधिक सोयीने होते. व्हॉल्व्ह हळूहळू बंद करीत गेले की सेंट्रिफ्यूगल पंपाचा भार कमी होत जातो, व दांडी बंदच्या बाजूस सरकताना दिसली पाहिजे. पुन्हा उघडला की तिने परत आले पाहिजे. ती सरकताना मध्येच अडखळत असेल, थांबून एकदम उडी घेत असेल, तर जागा सापडली. मात्र व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून पंप फार वेळ चालवू नये. आतील पाणी तापते.

इंजिन बंद असता करावयाची परीक्षा त्याहून सोपी आहे. दांडी हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावी व सोडून द्यावी. स्प्रिंगने ती आपोआप परत ओढली पाहिजे, कोठे रेंगाळता कामा नये. रेंगाळत असेल तर दांडी रॅकपासून सोडवावी व दोन्ही भाग निरनिराळे हलवून पाहावेत. रॅक जड असेल तर त्याच्यावर जमलेले डिझेलचे चिकट किटण व धूळ धुऊन काढावी. आमच्या भागातील उन्हाळी धूळ किती बारीक असते हे सांगावयास नको. त्यावर ग्रीस थापण्याची चूक करू नये. ग्रीसमध्ये धूळ अडकून त्याचा सहाणेवरील गंध होतो. धुतल्यावर पातळ तेलाचे दोन थेंब पुरे. पंप नुकताच दुरुस्त होऊन आला असेल व रॅक तेव्हापासूनच जड झाला असेल, तर वरची डिलिव्हरी व्हॉल्व्हची मोठी टोपी फाजील आवळली गेली असण्याचा संभव असतो. तिच्या दाबाने आतील नळी किंचित वाकडी होते व दट्ट्या धरतो. ही टोपी ठराविक जोरानेच आवळावयाची असते. लांब पाना घेऊन जोर काढण्याची ती जागा नव्हे.

ह्याच्या उलट दोष म्हणजे ढिलेपणा. दांडीच्या टोकाची भोके वर्षानुवर्षांच्या थरथरीने लांबट होतात, पिना झिजतात, आणि कोणी कधीतरी मूळ पिनेऐवजी खिळा किंवा बाभळीच्या काट्याएवढी तार घातलेली असते. मग गव्हर्नराने रेटा दिला तरी प्रथम तो ढिलेपणा भरून निघतो व मगच रॅक हलतो; तोवर वेग पुढे गेलेला असतो. रॅक हलतो तो उशिरा म्हणून अधिक हलतो. वेग खाली कोसळतो. पुन्हा तोच प्रकार उलट दिशेने. ह्यालाच आपण इंजिन झोके खाते असे म्हणतो. जड रॅकनेही असेच झोके बसतात, कारण तोही उशीरच करतो. निरोप्या आळशी असो की वाटेत अडलेला असो, निरोप उशिरा पोचण्याचा परिणाम एकच. ह्या झोक्यांचे गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेल ह्या थोर शास्त्रज्ञाने १८६८ साली गव्हर्नरावरील आपल्या निबंधात मांडले. विजेच्या व प्रकाशाच्या शास्त्रात ज्याचे नाव अजरामर आहे त्याला ह्या विषयावर स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला, तेव्हा आपल्यास तो प्रथमदर्शनी घोटाळ्याचा वाटला तर त्यात नवल नाही.

दौंड तालुक्यात केडगाव, पाटस ह्या बाजूस गुऱ्हाळे पुष्कळ आहेत. आता बहुतेक चरक विजेवर चालतात, तरी काही ठिकाणी इंजिन आहेच. गव्हर्नराची खरी कसोटी पाहावयाची असेल तर गुऱ्हाळावर पाहावी. पाण्याच्या पंपाचा भार एकसारखा असतो. चरकाचा भार क्षणोक्षणी बदलतो. उसाची मोळी आत गेली की इंजिन दबते, दोन मोळ्यांमध्ये अंतर पडले की हलके होते. भीमेच्या काठी एका गुऱ्हाळावर मी गेलो असता इंजिन इतके झोके खात होते की पट्टा दर तासास निसटे. काहिलीखाली जाळ चालू, रस अपुरा, आणि गुळव्या कपाळास हात लावून बसलेला. तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका मिस्त्रीने दोन वेळा स्प्रिंग बदलली होती. दुसऱ्या खेपेस तर जुन्या स्प्रिंगचे तीन वेढे तोडून ती आखूड केली होती. गुण आला नाही तेव्हा मालकाने रॅक सुतळीने बांधला होता.

"भाऊसाहेब, बांधल्यापासून बरं चाललंय बघा," मालक मला म्हणाले.

"पट्टा निसटला तर?" मी विचारले.

"निसटला की पोरगं धावत जाऊन सुतळी तोडतं."

ते पोर बारा वर्षांचे होते व हातात विळा घेऊन फ्लायव्हीलच्या अगदी रेषेत पोत्यावर बसले होते. त्याला तेथून उठविले, इंजिन बंद करविले व सुतळी काढली. दांडी हलवून पाहता तिच्या टोकाचे भोक इतके लांबले होते की पीन त्यात दोरा ओवावा तशी इकडून तिकडे जात होती. गावातील लोहाराने नवी पट्टी कापून त्याच मापाचे भोक पाडले, ठीक बसणारी पीन व तिला नवी काटेपीन घातली. रॅक धुतला. मूळ मापाची नवी स्प्रिंग बसविली. एवढ्या कामास दोन तास लागले. त्यानंतर मोळी आत जाताच दांडी एकदाच पुढे सरके व मोळी संपताच एकदाच मागे येई. त्या दिवशी उरलेली आधणे वेळेवर उतरली.

स्प्रिंगचे वेढे तोडण्याविषयी येथे सांगून ठेवतो, कारण ही युक्ती सर्रास केली जाते. वेढे तोडले की स्प्रिंग आखूड होते इतकेच नव्हे तर ताठरही होते. ताठर स्प्रिंगमुळे भारासहित व भाराविना वेगातील अंतर वाढते. म्हणजे चरक रिकामा असता इंजिन फार जोरात व ऊस घातला की फार मंद. ओढून लांबविलेली स्प्रिंग ह्याच्या उलट कायमची मरते. ज्या लिव्हरला स्प्रिंग अडकविण्यास एकाहून अधिक भोके असतात तेथे कोणते भोक मूळचे हे प्रथम रंगाने खुणावून ठेवावे. लिव्हरच्या फिरत्या बिंदूजवळच्या भोकात स्प्रिंग असता गव्हर्नर फार तरतरीत होतो व झोके खाण्याकडे त्याचा कल जातो. दूरच्या भोकात तो शांत पण सुस्त होतो.

झोक्यांचे कारण दरवेळी दांडीतच असते असे मात्र नाही. डिझेलमध्ये हवा धरली, पाणी उतरले किंवा नोझल थेंब गाळू लागले तरी इंजिन झोके खाते. दोहोंतील फरक ओळखण्यास एक खूण आहे. भार नसता व वेग बेताचा असता, दांडी दोन बोटांनी अलगद धरून एका जागी स्थिर ठेवावी, आणि बोटे केव्हाही बंदच्या बाजूस नेता येतील अशी ठेवावी. दोनचार सेकंदांत वेग सुरळीत झाला तर दोष गव्हर्नर व दांडीत. दांडी स्थिर असूनही इंजिन वरखाली करीत राहिले तर दोष डिझेलच्या वाटेत. बोटांनी धरणे व तारेने बांधणे ह्यांत काय फरक, असे कोणी विचारील. बोटे सोडता येतात. तार सुटत नाही. डिझेलच्या वाटेत दोष ठरला तर टाकीपासून क्रमाने यावे: टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक, फिल्टर, सांध्यांच्या चकत्या, आणि फिल्टरवरील व पंपावरील हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. चालू नोझलच्या तोंडापुढे बोट किंवा तळहात कधीही धरू नये. तो फवारा दिसावयास धुरासारखा असला तरी कातडी भेदून आत शिरतो, आणि अशा जखमेने हात गमावण्याची वेळ येते.

दांडी, रॅक, स्प्रिंग व डिझेल निर्दोष असूनही झोके थांबत नसतील तरच गिअरचे घर उघडून वजने, त्यांच्या पिना व रेटा देणारा भाग पाहावा. हे काम जाणत्या माणसाचे आहे.

आता पेट्रोलवरील लहान इंजिनांविषयी थोडे. कोळपणी यंत्रे, फवारणी पंप व लहान पाणी पंप ह्यांवर ही इंजिने आता गावोगाव दिसतात. येथे गव्हर्नर रॅकऐवजी कार्बुरेटरची झडप फिरवितो. ह्यात एक गोष्ट नवख्यास उलटी वाटते: इंजिन बंद असता व वेगाचा खटका जलदवर असता झडप पूर्ण उघडी असावयास पाहिजे. कारण त्या वेळी फक्त स्प्रिंग ओढीत असते, वजने निजलेली असतात. इंजिन सुरू झाले की गव्हर्नर झडप मिटवीत आणतो. बंद इंजिनाची झडप जलदवर ठेवूनही अर्धीच उघडत असेल तर जोडणी चुकली आहे. ती बरोबर करण्याची बहुतेक इंजिनांतील रीत अशी: गव्हर्नराचा हात त्याच्या दांड्यावर जेथे आवळलेला असतो तेथील नट सैल करावा, हाताने झडप पूर्ण उघडी होईल अशी ठेवावी, उघडताना हात ज्या दिशेने फिरला त्याच दिशेने तो दांडा शेवटपर्यंत फिरवावा, दोन्ही तसेच धरून नट आवळावा. दिशा उलटी झाली तर गव्हर्नर असून नसल्यासारखा होतो व इंजिन सुरू होताच मोकाट सुटते. म्हणून पहिल्या वेळी सुरू करताना एक हात बंद करण्याच्या कळीवर असावा. ही इंजिने झोके खाऊ लागली तर चोक अर्धा ओढून पाहावा. झोके थांबले तर गव्हर्नरास दोष देऊ नये, कार्बुरेटरच्या बारीक छिद्रात कचरा आहे. हंगामानंतर टाकीत पेट्रोल तसेच ठेवून यंत्र कोपऱ्यात उभे केले की पुढील हंगामी हे हटकून घडते.

वेग वाढविला म्हणजे पाणी अधिक येईल ह्या समजुतीनेही स्प्रिंगवर पुष्कळ अत्याचार होतात. समज खरी आहे, पण हिशेब महाग आहे. सेंट्रिफ्यूगल पंपाचे पाणी वेगाच्या प्रमाणात वाढते, उचल वर्गाच्या प्रमाणात, आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग शेकडा १० वाढविला तर पाणी ह्या हिशेबाने शेकडा १० वाढेल, पण शक्ती शेकडा ३३ अधिक लागेल. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर असेल तर ही जादा शक्ती त्याच्याजवळ नाही; ते काळा धूर ओकू लागते व आपण म्हणतो नोझल गेले. उलट वेग शेकडा १० उतरला तर उचल शेकडा १९ ने घटते. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेलेली असता पाणी अजिबात वर न येण्याचे हे एक कारण असते, आणि अशा वेळी मात्र गव्हर्नराकडे अवश्य पाहावे.

एवढी सावधगिरी घेऊनही इंजिन मोकाट सुटलेच तर काय करावे हे आधीच ठरलेले असले पाहिजे, कारण त्या क्षणी विचारास सवड नसते. प्रथम डिझेल बंद करण्याची कळ ओढावी. तिने इंजिन न थांबले तर ते डिझेलवर नव्हे, वंगणाच्या तेलावर चालत आहे असे समजावे. तेलाच्या एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर तेल भरले, किंवा क्रँकच्या घरातील तेल फार झाले, म्हणजे इंजिन तेच ओढून जाळू लागते व रॅकचा त्याच्याशी काही संबंध राहत नाही. तेव्हा हवेची वाट बंद करणे हाच उपाय. त्यासाठी हवेच्या तोंडावर नीट बसेल अशी जाड लाकडी फळी शेडमध्ये खुंटीस टांगलेली असावी. उघड्या हाताने तोंड दाबू नये. हे सर्व फ्लायव्हीलच्या रेषेत उभे न राहता, बाजूने करावे. फळी लावता येत नसेल तर माणसांनी दूर व्हावे. इंजिन विकत मिळते.

दुरुस्त होऊन आलेला पंप बसविताना ह्याच भयाने आणखी एक परीक्षा करावी. डीकॉम्प्रेशनची कळ उचलून ठेवावी, नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल करावा, दांडी बंदच्या टोकास धरावी व हँडलने इंजिन फिरवावे. नटातून डिझेल येता कामा नये. येत असेल तर आतील दट्ट्या व रॅक ह्यांच्या खुणा चुकीच्या जुळल्या आहेत; तसे इंजिन सुरू केल्यास ते बंद करण्याची कळच त्यास उरलेली नसते. पंप परत पाठवावा.

राहता राहिला प्रश्न वेग मोजण्याचा. किरणाने फेऱ्या मोजणारे लहान यंत्र आता बाजारात स्वस्तात मिळते व चारपाच शेतकऱ्यांत मिळून एक घ्यावे. ते नसेल तर मंद गतीच्या इंजिनावर पट्ट्याच्या सांध्यावरून वेग काढता येतो. पट्ट्याची लांबी मोजावी, पुलीचा घेर मोजावा, आणि सांधा एका ठिकाणावरून मिनिटास किती वेळा जातो ते घड्याळ धरून मोजावे. सांधा जितक्या वेळा गेला त्यास लांबीने गुणावे व घेराने भागावे. लिस्टर धर्तीच्या ६ अश्वशक्तीच्या इंजिनाचा वेग ६५० फेऱ्यांचा असतो. त्यावर ३० सेंटिमीटर व्यासाची पुली, म्हणजे ९४ सेंटिमीटर घेर, आणि ९ मीटरचा पट्टा असेल तर सांधा मिनिटास ६८ वेळा जावयास पाहिजे. उभ्या १५०० फेऱ्यांच्या इंजिनावर सांधा डोळ्यास सापडत नाही. तेथे यंत्रच हवे.

तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना बारावर पाण्याचे साधन लिहिलेले असते, परंतु ते साधन किती फेऱ्यांनी चालते हे कोणीच लिहीत नाही. इंजिनाच्या पितळी पाटीवरील वेगाचा आकडा पुष्कळ ठिकाणी पुसून गेलेला आढळतो. पाटी वाचता येत आहे तोवर तो आकडा, भाराविना मोजलेला वेग, स्प्रिंगचे भोक कितवे व रॅकची मोकळी हालचाल किती, ह्या चार गोष्टी शेडच्या भिंतीवर तेलरंगाने लिहून ठेवाव्यात, आणि त्याखाली खिळ्यास दोन काटेपिना व मूळ मापाची एक स्प्रिंग डबीत घालून टांगावी.